प्रोक्वॉल-५: तीस प्रश्नांचा हा कागद प्रत्येक सिस्टरने एकदा स्वतःसाठी भरावा

मी विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयात एसएनसीयूला, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष कक्षात, अधिपरिचारिका आहे. नर्सेसच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की हल्ली एक प्रश्नावली हमखास समोर येते. प्रोफेशनल क्वालिटी ऑफ लाइफ स्केल, आवृत्ती पाचवी. सगळे तिला प्रोक्वॉल म्हणतात. एम.एस्सी. नर्सिंगच्या मुली प्रबंधासाठी ती आपल्याकडून भरून घेतात, गठ्ठा बांधून घेऊन जातात आणि आपले गुण किती आले, त्याचा अर्थ काय, हे आपल्याला कधी कळतच नाही. मी ती स्वतःसाठी भरली, बेरीज स्वतः केली, काही महिन्यांनी पुन्हा भरली. वॉर्डातल्या मैत्रिणींनीही भरली. आपल्या कामाच्या माणसांना हा कागद कितपत उपयोगी आहे आणि तो कुठे तोकडा पडतो, ते सांगावंसं वाटलं म्हणून हा अभिप्राय.

आधी जुजबी माहिती. पैसे लागत नाहीत. बेथ हडनॉल स्टॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी तयार केलेली ही आवृत्ती २००९ ची आहे. त्यांचं नाव कागदावर कायम ठेवायचं, मजकुरात बदल करायचा नाही आणि विकायची नाही, एवढ्या अटी पाळल्या तर कुणीही तिच्या प्रती काढू शकतं. इंग्रजीत 'मदत करणारा' असा मोघम शब्द आहे, तिथे आपला पेशा घालायची मुभा दिलेली आहे, म्हणजे आपण 'नर्स' म्हणून वाचायचं. भरायला पाच-दहा मिनिटं पुरतात. मॉर्निंगची ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला कामाची माहिती, देऊन झाल्यावर, चहा होईपर्यंत, चेंजिंग रूमच्या बाकावर बसून सहज भरून होते. मी इंग्रजी प्रत घेतली होती. ज्या मुलींना इंग्रजी जड जातं त्यांना आम्ही वाक्य वाचून मराठीत समजावून सांगितलं, कुणालाच अडचण आली नाही.

तीस वाक्यं आहेत. गेल्या तीस दिवसांत असं किती वेळा वाटलं, ते १ ते ५ मध्ये लिहायचं. कधीच नाही म्हणजे १, अगदी वारंवार म्हणजे ५. यातली दहा वाक्यं कामातून मिळणाऱ्या समाधानाची, दहा बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून विटून जाण्याची, आणि दहा दुय्यम आघाताची, म्हणजे दुसऱ्याचं दुःख बघून बघून ते आपल्यात किती उतरलं याची. तिन्ही प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे भरताना आपण कशाचं उत्तर देतोय ते फारसं जाणवत नाही आणि हात खरं लिहून जातो. नंतर प्रत्येक गटाची वेगळी बेरीज करायची. ती १० ते ५० च्या मध्ये येते. २२ पर्यंत कमी, २३ ते ४१ मध्यम, ४२ आणि त्यापुढे जास्त. तिन्हींची मिळून एकच बेरीज करायची नाही, आणि माझ्या मते या कागदाचं सगळं मोल याच एका गोष्टीत आहे.

कारण आपल्याला आजवर एकच प्रश्न विचारला गेलाय. नोकरी आवडते ना? आवडते म्हटलं की विषय संपला. आवडत नाही म्हणायची सोय नाही, कारण मग 'सेवाभाव राहिला नाही' हे ऐकावं लागतं. काम मनापासून आवडणारी बाई त्याच कामाने आतून झिजत असू शकते, ही साधी गोष्ट कुणी मोजायलाच घेतली नव्हती. माझं समाधान आलं ४३, म्हणजे जास्त. बर्नआउट २७. आणि दुय्यम आघात ३६, मध्यमातला बराच वरचा. आमच्याकडे एक तरुण बंधपत्रित सिस्टर आहे, तिचं समाधान २६, बर्नआउट ३९ आणि दुय्यम आघात फक्त १९. बाहेरून बघणाऱ्याला आम्ही दोघी सारख्याच दमलेल्या दिसतो. इन्चार्ज मॅडम दोघींनाही तेच सांगायच्या, "चार दिवस सुट्टी घ्या गं, बरं वाटेल."

कागदापाशी बसलो तेव्हा दिसलं की दोघींची दुखणी वेगळी आहेत. तिला बाळांचा त्रास नाही, तिला सलग नाइट, हातात न आलेला नेमणुकीचा आदेश आणि उद्या कुठे प्रतिनियुक्तीवर पाठवतील याची टांगती तलवार यांचा त्रास आहे. सुट्टीवरून परत आली की तेच सगळं पुढ्यात असतं. मला ड्यूटीच्या चार्टाचा एवढा त्रास नाही. मला सुट्टीत घरी बसूनही बाळं दिसतात. तिला तिचा चार्ट बदलून हवा, मला कुणाशी तरी मोकळं बोलायला हवं. एकच औषध दोघींना देऊन भागत नाही, हे आम्ही रुग्णांच्या बाबतीत रोज पाळतो. स्वतःच्या बाबतीत ते पहिल्यांदा कागदावर दिसलं.

समाधानाच्या दहा वाक्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण त्यांच्याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. मानसिक आरोग्य म्हटलं की लोक थेट ताण, नैराश्य, झोप यांच्याकडे वळतात. ही प्रश्नावली विचारते की रुग्णाची सेवा केल्यावर तुम्हाला हुशारी वाटते का. नवीन तंत्र, नवीन पद्धती शिकून घेता येताहेत याचं बरं वाटतं का. हे काम निवडलं याचा आनंद आहे का. भरताना मला एक बाळ आठवलं. साधारण अकराशे ग्रॅमचं, तालुक्याच्या दवाखान्यातून रेफर होऊन आलेलं, म्हणून आउटबॉर्नच्या, म्हणजे बाहेर जन्मलेल्या बाळांच्या, बाजूला ठेवलेलं. सीपॅपवरून, म्हणजे श्वासाला हवेच्या दाबाचा आधार देणाऱ्या यंत्रावरून, निघालं, नळीने दूध सुरू झालं, मग पळीने. पळीने दूध पाजणं हे बघणाऱ्याला क्षुल्लक काम वाटतं. बाळाचं डोकं जरा उंच धरायचं, पळीचं टोक ओठांच्या कोपऱ्याला टेकवायचं आणि थांबायचं. ओतायचं नाही. बाळ जीभ बाहेर काढून स्वतः चाटतं, गिळतं, श्वास घेतं, पुन्हा चाटतं. घाई केली तर दूध श्वासनलिकेत जाईल. डोळा सॅच्युरेशनवर, कान श्वासावर आणि हात स्थिर. पाच मिली दूध पोटात जाईपर्यंत जगात दुसरं काही नसतं. ज्या दिवशी त्याच्या आईने, टाक्यांचं दुखणं सोसत, कांगारू केअरच्या खुर्चीत बसून ते बाळ पहिल्यांदा छातीशी घेतलं, त्या दिवशी माझी ड्यूटी संपली होती तरी मी थांबले होते. त्या वाक्यांपुढे मी ५ लिहिलं आणि लिहिताना हात आखडला नाही.

हे समाधान खरं आहे, ते किती मोठं काम करून घेतं हे महाराष्ट्राला माहीत आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ साली तिथलीच सिस्टर अरुणा शानबाग हिच्यावर हल्ला झाला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. त्यानंतर २०१५ साली ती जाईपर्यंत, चार दशकांहून जास्त काळ, तिथल्या सिस्टर्सनी पिढी बदलत तिला सांभाळलं. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही त्या सेवेची मनापासून दखल घेतली. म्हणून समाधानाचे गुण घसरलेले दिसले तर ते गांभीर्याने घ्यावं असं मला वाटतं. पगार, बदली, चार्ट सगळं सुधारलं आणि हे घसरलेलंच राहिलं, तर ती सिस्टर फक्त पाट्या टाकायला येईल.

आता दुय्यम आघाताचा भाग. अचानक आवाज झाला की दचकायला होतं का, असं एक वाक्य आहे. रुग्णांच्या आठवणीने काही गोष्टी टाळता का, असं दुसरं. डोक्यात भीतीदायक विचार घुसतात का, असं तिसरं. हे प्रश्न वाचून आमच्यातली एक सिस्टर म्हणाली, "हे सगळ्यांना होतं, मला वाटलं मीच एकटी." तिच्याकडे वॉशिंग मशीनचं चक्र संपल्यावर जी टींटीं होते ती मॉनिटरच्या अलार्मसारखी आहे. हातातलं काम टाकून ती उठते. स्वयंपाकघरात, स्वतःच्या घरात. तिच्या नवऱ्याला ती चिडचिडी झाली आहे एवढंच कळतं. तो कागद तिने घरी नेऊन त्याला वाचायला दिला आणि मला वाटतं प्रोक्वॉलचा सगळ्यात चांगला उपयोग आमच्यात कुणी केला असेल तर तिनेच.

भंडारा आमच्यापासून लांब नाही. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत आग लागली आणि १० बाळं गेली. आम्ही कुणी तिथे नव्हतो. पण त्यानंतर कितीतरी दिवस नाइटला बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या प्लगवर हात ठेवून बघायचा, कुठे जळका वास येतोय का म्हणून दर थोड्या वेळाने एक फेरी मारायची, हे आम्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. फायर ऑडिट, यंत्रणा, पाहण्या हे पुढे सगळीकडे झालं. दुसऱ्या गावच्या सिस्टरांच्या मनात काय बसलं, हे कुणी विचारलं नाही. प्रोक्वॉल निदान त्या दिशेचा प्रश्न विचारते.

मात्र इथे एक मर्यादा आहे. ही दहा वाक्यं दुसऱ्यावर कोसळलेल्या संकटाचा आपल्यावर काय परिणाम झाला ते विचारतात. आपल्यावर थेट बेतलेलं त्यात नीट येत नाही. बाळ गेल्यावर चवताळलेल्या नातेवाइकांनी सिस्टरच्या अंगावर धावून जाणं हा सरळ तिच्यावरच झालेला आघात आहे. महाराष्ट्रात त्यासाठी २०१० पासून कायदा आहे. पण कायदा असला तरी दुसऱ्या रात्री त्याच दारातून आत जाताना पोटात गोळा येतो, त्याला या कागदावर जागा नाही.

बर्नआउटच्या गटाबद्दल माझी खरी तक्रार आहे आणि ती मी आकडे मांडूनच सांगते. या गटातल्या दहा वाक्यांपैकी पाच सरळ आहेत: कामात अडकून पडल्यासारखं वाटतं, थकून गेलेय, कामाचा डोंगर संपतच नाही, यंत्रणेत रुतून बसल्यासारखं वाटतं, रुग्णांच्या त्रासामुळे झोप उडून कामावर परिणाम होतो. उरलेली पाच उलटी मोजायची: मी आनंदी आहे, मी इतरांशी जोडलेली आहे, माझ्या श्रद्धा मला बळ देतात, मला जी व्हायचं होतं ती मी झालेय, मी फार काळजी घेणारी व्यक्ती आहे. तिथे ५ लिहिलं की १ धरायचा. आता आपल्याकडची कुठली सिस्टर 'मी काळजी घेणारी आहे' याच्यापुढे ५ लिहिणार नाही? गजानन महाराजांचा फोटो ड्यूटीच्या पर्समध्ये ठेवणारी बाई श्रद्धेच्या वाक्यापुढे काय लिहील? समजा एखादीने पाचही सरळ वाक्यांना ५ दिले, म्हणजे ती पार मोडून पडली आहे. त्याचे झाले २५. उलट्या पाचांनाही तिने मनापासून ५ दिले, त्याचे धरायचे ५. एकूण ३०. म्हणजे मध्यम. एकही सरळ वाक्य याहून वाईट होऊ शकत नाही आणि तरी कागद म्हणतो मध्यम.

देवावर विश्वास असणं, माणसांत असणं, मायाळू असणं माणसाला तारून नेतं हे मला मान्य आहे. पण त्याने कामाचा डोंगर कमी होत नाही, आणि जी बाई हे सगळं अंगावर काढते तिचेच गुण बरे दिसतात. म्हणून माझा सल्ला असा की बर्नआउटची बेरीज केल्यावर ती पाच सरळ वाक्यं वेगळी काढून त्यांच्याकडे एकदा नुसतं बघा. ८, १०, १९, २१ आणि २६ हे त्यांचे क्रमांक. तिथे चार-पाचच दिसत असतील तर एकूण बेरजेवर विसंबू नका.

आणखी एक गोष्ट मला या कागदात सापडली नाही आणि माझ्या वॉर्डात तीच सगळ्यात जड आहे. थंडीच्या दिवसांत एका रात्री आमच्याकडे सगळे वॉर्मर भरलेले असतात आणि १०८ मधून आणखी एक बाळ येतं. एका वॉर्मरवर दोन बाळं ठेवावी लागतात. जंतुसंसर्गाचा धोका मला पाठ आहे, विद्यार्थिनींना मी तो शिकवते. आणि माझ्याच हाताने मी दुसरं बाळ पहिल्याशेजारी ठेवते, कारण न ठेवणं म्हणजे त्याला थंड पडू देणं. योग्य काय ते माहीत असून ते करता न येणं, याला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ साली नर्सिंगच्या नीतिशास्त्रावर लिहिताना वेगळं नाव दिलं आहे, मॉरल डिस्ट्रेस. ही घुसमट थकव्यात बसत नाही आणि दुसऱ्याच्या दुःखातही बसत नाही. 'यंत्रणेत रुतल्यासारखं वाटतं' या एका वाक्यात ती कोंबावी लागते. मी तिथे ५ लिहून पुढे गेले, पण माझं म्हणणं त्या पाचात मावलं नव्हतं.

हा कागद सिस्टरला मोजतो, वॉर्डाला मोजत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे: अतिदक्षता कक्षात एका खाटेमागे एक परिचारिका, शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक, इतर ठिकाणी पाचांमागे एक, शिवाय रजेसाठी ३० टक्के राखीव. रात्री आठ ते सकाळी आठ ज्या सिस्टरच्या वाट्याला एकटीला सगळा कक्ष येतो, तिचे गुण वाईट आले तर त्याचं कारण तिच्या मनात शोधू नये. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली आयसीडी-११ मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, बर्नआउटला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घकालीन ताणातून येणारी अवस्था म्हटलं आहे. ताण ज्यांनी हाताळायचा तेच जेव्हा प्रश्नावली वाटून, प्राणायामाचं एक सत्र घेऊन फोटो काढून मोकळे होतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. प्राणायाम मी रोज करते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण रिक्त जागा त्याने भरत नाहीत.

आणि म्हणूनच हा कागद कुणाच्या हातात आहे यावर सगळं अवलंबून आहे. एका प्रशिक्षणात तो आमच्याकडून भरून घेतला होता, वर नाव, हुद्दा आणि वॉर्ड लिहायला लावून. शेजारी बसलेल्या सिस्टर एकमेकींच्या कागदात बघून भरत होत्या. 'हे काम आवडतं' याच्यापुढे सगळ्यांचे ५. 'थकून गेलेय' याच्यापुढे सगळ्यांचे १ किंवा २. ज्या कागदावरून उद्या गोपनीय अहवालात 'मानसिकदृष्ट्या सक्षम नाही' असा शेरा येईल की काय अशी शंका असते, त्यावर कुणी खरं लिहिणार नाही. प्रशासनाला वापरायचाच असेल तर बिननावाचा घ्यावा, बंद पेटीत घ्यावा आणि वॉर्डनिहाय सरासरी सगळ्यांना दाखवावी. नाही तर घेऊ नये.

प्रोक्वॉलवरून आजाराचं निदान होत नाही, तिच्या पुस्तिकेतही तसं स्पष्ट म्हटलं आहे. दुय्यम आघात ४२ च्या वर गेला, झोप उडाली, रडू आवरत नाही, जगणं नको वाटतं, तर बेरीज करत बसू नका. १४४१६ ला फोन करा. केंद्र सरकारची टेली मानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. चोवीस तास हे आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे, कारण आपला सगळ्यात वाईट वेळ पहाटे तीनचा असतो आणि तेव्हा ओपीडी बंद असते. आमच्यातल्या एकीने नाइटच्या मधल्या वेळात फोन केला होता. पलीकडच्या बाईने घाई न करता ऐकून घेतलं, एवढंच तिने मला सांगितलं आणि मीही जास्त विचारलं नाही.

पाचपैकी मी साडेतीन देईन. समाधान, थकवा आणि आघात वेगळे मोजल्याबद्दल ते पूर्ण पाच झाले असते, पण उलट्या मोजायच्या वाक्यांनी आणि त्या घुसमटीला जागा नसल्याने दीड कमी करते. नवीन लागलेल्या मुलींनी पहिल्या काही महिन्यांतच एकदा भरावा, म्हणजे पुढे तुलनेला काहीतरी हाताशी राहील. नाइट संपवून लगेच भरू नका, एक झोप काढून भरा. ज्या आठवड्यात बाळ गेलं असेल त्या आठवड्यातले आघाताचे गुण वर जाणारच, तेही समजून घ्या.

दुसऱ्यांदा भरला तेव्हा मी कागदाच्या मागच्या बाजूला त्या महिन्याचा हिशेबही लिहिला. नाइट किती, त्यातल्या सलग किती, कुठल्या रात्री मी एकटी होते, एका वॉर्मरवर दोन बाळं कधी ठेवली. बाकीच्यांनाही तसंच लिहायला सांगितलं. गुणांची बाजू प्रत्येकीने स्वतःजवळ ठेवली. मागच्या बाजूचा मजकूर एकत्र करून, कुणाचंही नाव न घालता, आम्ही मेट्रन मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला. पुढच्या महिन्याच्या चार्टात सलग नाइट कमी झाल्या आहेत. नाइटला दुसरी सिस्टर अजून मिळालेली नाही, त्याचं मागणीपत्र मॅडमच्या सहीने वर गेलं आहे आणि त्याची जावक नोंद आम्ही टिपून ठेवली आहे.